बाससाठी लूर: निवडायचा कसा आणि पाण्यात चालवायचा कसा

बासच्या मासेमारीत नव्याने उतरलेला माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न रंगाचा विचारतो. हिरवा घेऊ की निळा, चमकी असलेला की साधा? माझ्या मते रंग सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी मासा किती खोलीवर आहे ते बघायचं, मग लूर, म्हणजे हे खोटं आमिष, किती वेगाने चालवायचं ते, मग लूरचा आकार आणि मग रंग. हा क्रम अंगवळणी पडला की चार-पाच प्रकारच्या लूरवर वर्षभर भागतं. तो पडला नाही, तर भरलेली पेटी घेऊनही माणूस नुसता लूर बदलत बसतो.

इथे बास म्हणजे गोड्या पाण्यातला लार्जमाउथ, आणि ओघाने त्याचा भाऊबंद स्मॉलमाउथ. दोघेही सनफिश कुळातले, मूळचे उत्तर अमेरिकेतले, आणि माणसाने नेऊन सोडल्यामुळे आज जपानपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेले. तोंड मिटलेलं असताना लार्जमाउथचा वरचा जबडा डोळ्याच्या मागे जातो, स्मॉलमाउथचा जात नाही. लार्जमाउथच्या कुशीवर काळसर आडवा पट्टा असतो, तर स्मॉलमाउथच्या अंगावर पुसट उभे पट्टे. पहिला वनस्पती आणि बुडालेलं लाकूड धरून राहतो. दुसऱ्याला खडक आणि जरा थंड, स्वच्छ पाणी आवडतं.

मासा खातो कसा, हे आधी समजून घ्या

बास पाठलाग करून दमणारा मासा नाही. तो आडोशाला दबा धरतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झडप घालतो. झडप घालताना तोंड एकदम मोठं उघडतो, त्या ओढीने पाणी आणि भक्ष्य दोन्ही आत खेचली जातात. म्हणून मऊ वर्मवर (गांडुळासारख्या मऊ प्लास्टिकच्या लूरवर) मासा लागतो तेव्हा अनेकदा जोराचा हिसका बसतच नाही, दोऱ्यावर बारीकशी 'टक्' एवढंच जाणवतं. तोंडात गेलेली वस्तू खाण्यासारखी वाटली नाही, तर तितक्याच झटकन तो ती थुंकतो.

त्याचे डोळे समोरचं आणि वरचं चांगलं टिपतात. त्यामुळे लूर माशाच्या पातळीवर किंवा किंचित वरून जायला हवा. माशाच्या पोटाखालून गेलेला लूर वाया गेला असंच धरून चाला. गढूळ पाण्यात किंवा अंधारात डोळ्यांच्या जोडीला अंगाच्या बाजूने जाणारी संवेदनरेषा काम करते, तिला पाण्यातली थरथर कळते. घरघरणारे, थडथडणारे लूर गढूळ पाण्यात चालतात ते याचमुळे.

फिनलंडचा मच्छीमार लाउरी रापाला याने १९३६ मध्ये बुचाच्या सालीतून कोरलेला पहिला लूर एका निरीक्षणातून आला. मोठा मासा छोट्यांच्या थव्यातून नेमका अडखळत पोहणारा उचलतो, हे त्याने पाहिलं होतं. त्याने चॉकलेटच्या वेष्टणाची चंदेरी वर्खी अंगाला लावली खरी, पण लूर खपला तो त्याच्या लडखडत्या चालीवर. लूर निवडताना आधी ही चाल डोळ्यांसमोर आणा.

पाणी वाचणं

पाण्याशी गेल्यावर लगेच फेक टाकू नका. तीन गोष्टी बघा: तापमान, पाण्याचा स्वच्छपणा आणि आडोसा.

पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर मासा सुस्त असतो, लूरमागे दूर धावत नाही. तेव्हा सगळं सावकाश चालवायचं. १० ते १५ अंशांत तो उथळ पाण्याकडे सरकू लागतो, भुकेला असतो, आणि मोठा मासा मिळण्याचा हा उत्तम काळ. १५ ते २० अंशांच्या आसपास विणीचा हंगाम येतो. नर उथळ पाण्यात शेपटीने तळ साफ करून घरटं करतो आणि अंडी-पिल्लं राखतो. घरट्यावर बसलेला मासा मी पकडत नाही आणि तुम्हीही पकडू नये, असं मनापासून वाटतं. नर तिथून उचलला की आसपासचे छोटे मासे काही क्षणांत अंड्यांवर तुटून पडतात. २० अंशांच्या पुढे मासा जोमाने खातो आणि पृष्ठभागावरच्या लूरचे दिवस सुरू होतात. कडक उन्हाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी तो उथळ पाण्यात, दुपारी खोल पाण्यात किंवा दाट वनस्पतीच्या सावलीत असतो. शरद ऋतूत छोटे मासे तळ्याच्या अरुंद फाट्यांमध्ये शिरतात आणि बास त्यांच्यामागे जातो. त्या दिवसांत वेगाने चालणारे लूर घ्यायचे.

स्वच्छपणा तपासायला पांढऱ्या रंगाचा लूर दोऱ्याने खाली सोडा आणि तो कुठे दिसेनासा होतो ते बघा. हातभर खोलीतच नाहीसा झाला तर पाणी गढूळ. दीड-दोन मीटरपर्यंत दिसत राहिला तर स्वच्छ.

आडोशात मात्र बारकावा हवा. नुसतं 'इथे झाडं आहेत' म्हणून चालत नाही. वनस्पतीचा पट्टा जिथे संपतो ती कड, त्या कडेतला एखादा खळगा, बुडालेल्या झाडाची सगळ्यात खोल गेलेली फांदी, खडकाचा तळ जिथे चिखलात बदलतो ती रेघ, अशा जागा शोधा. दोन गोष्टी जिथे मिळतात तिथे बास थांबतो.

खोलीप्रमाणे लूर

पृष्ठभागावर पॉपर (झटक्याला 'डुबुक' करणारा), डावी-उजवीकडे मान हलवत चालणारे लांबट लूर, बझबेट (पाण्यावर घरघरत फिरणाऱ्या पात्याचा) आणि पोकळ रबरी बेडूक. पाण्याखाली मीटरभरात स्पिनरबेट (तारेवर फिरतं पातं असलेला), चॅटरबेट (डोक्याशी थरथरणारी पत्री असलेला) आणि चौकोनी ओठाचा क्रँकबेट (माशासारखा कडक लूर; ओठ म्हणजे तोंडाशी असलेली पट्टी, तिच्यामुळे ओढताना तो खाली जातो). एक ते तीन मीटरला मध्यम ओठाचा क्रँकबेट आणि जर्कबेट (झटके देऊन चालवायचा लांबट लूर). त्याखाली लांब ओठाचा क्रँकबेट. आणि तळावर, मग तळ कितीही खोल असो, जिग (शिशाचं डोकं आणि झुपका असलेला गळ), टेक्सस रिग (शिसं, गळ आणि वर्मची बांधणी) आणि ड्रॉप शॉट (शिसं टोकाला, गळ त्याच्या वर).

सुरुवातीला एवढं सगळं घेऊ नका. माझी यादी पाचांची: काडीसारखा सरळ मऊ वर्म (काठी वर्म), टेक्सस रिगसाठी शेपटीवाला वर्म, १० ग्रॅमचा जिग, १० ते १४ ग्रॅमचा स्पिनरबेट आणि एक चौकोनी ओठाचा क्रँकबेट. गरम पाण्याच्या दिवसांत एक पॉपर जोडा. विक्रमी माशालाही फार लूर लागत नाहीत: जॉर्ज पेरीने १९३२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या माँटगोमेरी लेकमध्ये धरलेला २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १० किलोंचा लार्जमाउथ त्या काळच्या एका लाकडी लूरवर लागला होता. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडावं लागलं, ती जपानच्या बिवा सरोवरात झाली.

रॉड, रील आणि दोरा

एकच रॉड घ्यायचा असेल तर सुमारे सात फुटांचा, मध्यम-जड ताकदीचा, टोकाला वाकणारा घ्या. जिग, टेक्सस रिग, स्पिनरबेट तिन्ही त्यावर निभतात. तीन काट्यांचे गळ असलेल्या क्रँकबेटला जरा मऊ, मधोमध वाकणारा रॉड बरा. ताठ रॉडने हिसका दिला की हे बारीक गळ माशाच्या तोंडातून फाटून निघतात. हलक्या लूरसाठी स्पिनिंग रील (रॉडच्या खाली बसणारं) सोयीचं.

दोऱ्याचं असं आहे: फ्लुरोकार्बन बुडतो, पाण्यात कमी दिसतो. जिग आणि टेक्सस रिगला १२ ते १७ पौंडांचा (एवढ्या ताणापर्यंत टिकणारा) घ्या. मोनो (नायलॉनचा एकेरी तंतू) अगदी हळू बुडतो, म्हणून पॉपरला चांगला. वेणीचा (अनेक तंतू गुंफलेला) दोरा जवळजवळ लांबत नाही आणि वनस्पती कापत येतो, म्हणून बेडकासाठी ५० ते ६५ पौंडांचा वेणीचाच हवा. गाठ कोणतीही मारा, पण आवळण्याआधी थुंकीने किंवा पाण्याने ओली करा. कोरडी आवळलेली गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच तुटते.

टेक्सस रिग: बांधणी आणि चालवणं

एकच पद्धत शिकायची असेल तर ही शिका. हिने हात घडतो.

गोळीच्या आकाराचं शिसं टोकदार बाजू वर ठेवून दोऱ्यात ओवा, ५ ते १० ग्रॅम पुरे. मग खांद्याशी वाकवलेला ऑफसेट गळ बांधा, सात इंची वर्मला ३/० किंवा ४/० मापाचा. गळाचं टोक वर्मच्या डोक्यात अगदी मधोमध सुमारे अर्धा सेंटिमीटर खुपसा आणि बाजूने बाहेर काढा. वर्म गळावरून वर सरकवत गळाच्या डोळ्यापर्यंत आणा, म्हणजे डोकं त्या वाकलेल्या खांद्यावर बसेल. आता गळ अर्धा फिरवा, टोक वर्मकडे वळेल. वर्म सरळ लोंबू द्या, गळाचा वाक त्याच्या अंगाशी लावून बघा आणि टोक जिथे टेकतं तिथे नखाने खूण करा. वर्म तेवढाच वर ढकलून टोक नेमकं त्या खुणेतून आरपार काढा. मग टोकाच्या अणीवर वर्मची कातडी हलकेच ओढून बसवा, म्हणजे ती अणी काडीकचऱ्यात अडकणार नाही.

शेवटी रिग टांगून बघा. वर्म काठीसारखा सरळ हवा. जराही पोक आलं असेल तर ओढताना तो गरगर फिरतो, दोऱ्याला पीळ पडतो आणि मासा तोंड लावत नाही. पोक दिसलं तर काढून परत ओवा, त्यात कंटाळा करू नका.

आता चालवणं. आडोशाच्या थोडं पलीकडे फेका. लूर पाण्यात पडला की दोरा अर्धवट सैल ठेवून त्याला सरळ खाली बुडू द्या आणि नजर दोरा पाण्यात शिरतो त्या बिंदूवर ठेवा. जास्तीत जास्त मासे या बुडण्याच्या वेळीच लागतात. तळ दोन मीटरवर आहे आणि दोरा एका मीटरला थांबला, किंवा बाजूला सरकला, किंवा टुणकन उडाला, तर मासाच आहे समजा.

लूर तळाला टेकला की दोरा ढिला पडतो. रॉडचं टोक घड्याळातल्या नऊच्या जागेवरून अकरापर्यंत सावकाश उचला, परत नऊवर आणा आणि ढिला झालेला दोरा रीलवर घ्या. ओढायचं ते रॉडने, रील फक्त ढील गोळा करायला. शिसं तळावर फिरताना काय सांगतं ते बोटांनी ऐका: खडीवर कडकड येते, चिखलात मऊ ओढ लागते, लाकडावर चढताना ताण हळूहळू वाढतो आणि मग एकदम सुटतो. लाकडावरून सुटून खाली पडण्याचा तो क्षण फार मोलाचा, तिथे रॉड थोडा वेळ स्थिर ठेवा.

'टक्' लागलं की रॉड खाली करून ढील घ्या आणि दोरा ताणला जाताच जोरात वर मारा. सैल दोऱ्यावर मारलेला हिसका गळाला पोचतच नाही. चावा आहे की फांदी, अशी शंका आली तरी मारा. चुकून मारलेल्या हिसक्याचं नुकसान काहीच नाही.

दाट वनस्पतीत शिसं वर्मपासून सुटून पुढे जातं आणि वर्म वरच लटकतो. तिथे रबरी खुंटीने शिसं गळाशी घट्ट करा.

जिगही जवळपास असाच चालवायचा. गळापुढचा ताठ तंतूंचा झुपका त्याला अडकू देत नाही. फार दाट वाटला तर थोडे तंतू कात्रीने कमी करा. मागे खेकड्याच्या नांग्यांसारखा मऊ प्लास्टिकचा तुकडा लावा. खडकावर अमेरिकन फुटबॉलसारखं लांबट, आडवं डोकं, गवतात निमुळतं.

क्रँकबेट आणि स्पिनरबेट

क्रँकबेट नुसता ओढला तरी चालतो, म्हणून लोक त्याला सोपा समजतात. खरी गंमत तो कशालातरी आपटतो तेव्हा आहे. आखूड, उभ्या ओठाचा लूर उथळ जातो, लांब आणि आडव्या ओठाचा खोल. पाणी दोन मीटर असेल तर अडीच-तीन मीटर जाणारा घ्या, म्हणजे तो तळ खरवडत येईल. दगडाला किंवा ओंडक्याला धडकला की क्षणभर रील थांबवा. लूर किंचित वर तरंगतो, दिशा बदलतो, आणि मागून बघत आलेला बास नेमका तेव्हा तोंड घालतो. लूर पूर्ण खोलीवर पोचायला अंतर लागतं, म्हणून फेक लांब हवी. दोरा बारीक घेतला तर तोच लूर आणखी खोल जातो.

चौकोनी ओठ लाकडाला लागून लूरला बाजूला फेकतो, त्यामुळे तो फांद्यांमधून आश्चर्य वाटावं इतका सहज सुटून येतो. लूर एका बाजूला पळत असेल, तर नाकातली तारेची कडी विरुद्ध बाजूला पक्कडीने अगदी केसभर वळवा.

स्पिनरबेटमध्ये पात्याचा आकार बघा. विलोच्या पानासारखं लांबट पातं चमकतं जास्त, थरथरतं कमी, वेगाने ओढता येतं: स्वच्छ पाणी, वारा, छोट्या माशांचे थवे. गोल कोलोरॅडो पातं थडथड करतं आणि लूरला वर उचलून धरतं: गढूळ पाणी, रात्र, संथ ओढ. वारा सुटून पाण्यावर लाटा आल्या की बरेच जण निघून जातात. स्पिनरबेट काढायची वेळ मात्र तीच. वाऱ्याचा मारा ज्या काठावर आहे तिथे जा.

थंड पाण्यात जर्कबेट

थंड, स्वच्छ पाण्यात जर्कबेटसारखं दुसरं काही नाही, आणि त्यात धीरच सगळं काम करतो. रॉड खाली धरून दोन झटके द्या, लगेच दोरा सैल सोडा आणि थांबा. पाणी १० अंशांच्या खाली असेल तर दहा-पंधरा सेकंद थांबा, त्याहूनही जास्त चालेल. लूर मध्यावर निपचित तरंगत राहायला हवा. थंड पाणी दाट असतं, म्हणून उबदार पाण्यात जागच्या जागी राहणारा लूर तिथे हळूहळू वर येऊ लागतो. गळावर शिशाच्या तारेचा एखादा वेढा द्या, परत स्थिर होईल.

काठी वर्म आणि ड्रॉप शॉट

मासे चिडीचूप असतील तेव्हा काठी वर्म मधोमध गळात ओवा, शिसं लावू नका, फेका आणि काहीही करू नका. त्याच्या अंगातल्या मिठाचं वजन त्याला सावकाश बुडवतं आणि बुडताना दोन्ही टोकं थरथरतात. तळाला टेकला की थोडा उचला, परत सोडा. नवख्याने पहिला मासा यावरच धरावा असं मी सांगेन. ड्रॉप शॉटमध्ये शिसं दोऱ्याच्या टोकाला आणि गळ त्याच्या वीत-दोन वीत वर. खोल पाण्यात लूर एकाच जागी हलवत ठेवायला उत्तम.

पृष्ठभागावर

पहाट, संध्याकाळ, ढगाळ हवा आणि सावली. पॉपर झटक्याने 'डुबुक' करतो. झटका द्या, त्याने उठलेली वर्तुळं विरेपर्यंत थांबा, मग पुढचा. पाणी उसळलं की हात आपोआप वर जातो आणि तिथेच मासा हुकतो. माशाचं वजन रॉडवर जाणवेपर्यंत मारू नका. बेडकाला तर आणखी क्षणभर थांबा, रॉडचं टोक माशाकडे झुकवा, ढील घ्या आणि मग सगळ्या ताकदीने मारा, कारण त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून असतात आणि अंग दाबलं गेल्याशिवाय उघडे पडत नाहीत.

आता रंग

बासला लाल आणि हिरवा रंग चांगला ओळखता येतो. पोपटी-पिवळा आणि पांढरा, तसंच गडद निळा आणि काळा, यांत मात्र त्याचा घोटाळा होतो. त्यामुळे काळा की काळा-निळा यावर डोकं खपवू नका. स्वच्छ पाण्यात भोपळी हिरवा, तपकिरी, अर्धपारदर्शक असे नैसर्गिक रंग, गढूळ पाण्यात काळा किंवा पोपटी. वसंतातल्या थंड पाण्यात बास खेकडावर्गीय क्रेफिश खात असतो, तेव्हा लालसर-तांबूस क्रँकबेट. पांढरा स्पिनरबेट कधीही. एवढ्यावर काम होतं.

मासा लागत नसेल तर

एका जागी वीसेक फेकी झाल्या आणि काहीच नाही, तर आधी जागा आणि खोली बदला. मग वेग: हळू चालवत होता तर भरभर, आणि उलट. मग आकार लहान करा. हे सगळं करून झाल्यावर रंगाकडे वळा. मासा मागे येतो पण तोंड लावत नाही, तेव्हा तो तिथे आहे हे कळलं. त्याच जागी लगेच काठी वर्म टाका.

मासा हातात आल्यावर

हात ओले करा. खालच्या ओठात अंगठा घालून धरा. मोठा मासा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या, जबड्यावर आडवा लोंबकळत धरू नका, जबडा दुखावतो. तीन काट्यांचा गळ लांब पक्कडीने काढा, बोटं जवळ नेऊ नका. गळ खोल घशात गेला असेल तर ओढाताण करण्यापेक्षा दोरा गळालगत कापणं माशाला जास्त मानवतं.

सोडायचा की नाही हे त्या जागेचा कायदा ठरवतो, आणि तो आधी वाचून जा. बास जिथे बाहेरून आलेला आहे तिथे तो स्थानिक मासे संपवतो. बिवा सरोवर ज्या शिगा प्रांतात आहे तिथे पकडलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे. जपानमध्ये जिवंत बास एका जागेहून दुसरीकडे नेणंही गुन्हा आहे. कुठल्याही नव्या तळ्यात बास स्वतः नेऊन सोडू नका, कायदा असो वा नसो.

फाटलेले मऊ वर्म पाण्यात टाकू नका, मासे ते गिळतात आणि ते पचत नाहीत. खिशात घालून घरी आणा. चांगले वर्म त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवा. कडक प्लास्टिकच्या लूरला लागून राहिले तर दोन्ही विरघळून एकमेकांना चिकटतात. आणि दर मासा धरल्यावर लूरपासून हातभर दोरा दोन बोटांतून ओढून बघा. कुठेही खरखर लागली तर तेवढा कापून नव्याने गाठ मारा. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकेच ओढा. घसरलं तर कानस काढा, रुतलं तर पुढची फेक टाका.